तीन माणसांचं दुकान, चार माणसांचा कायदा

भंडारा जिल्ह्यात वेल्डरला ‘कुठं शिकला?’ असं विचारलं की उत्तरं साधारण दोनच येतात. कोणी म्हणतो, आयटीआय केला. कोणी म्हणतो, मिस्त्रीच्या दुकानात होतो. पहिल्याजवळ प्रमाणपत्र असतं, दुसऱ्याजवळ गिऱ्हाईक. दोन्ही एकाच माणसाजवळ असावं यासाठी देशात १९६१ पासून शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे, आणि गेल्या दहा वर्षांत त्याच्याभोवती योजनांची चांगलीच दाटी झाली आहे. पण कॉलेज सांभाळून किंवा घरचं धान सांभाळून, अर्धवेळ हे काम शिकू पाहणाऱ्या पोराच्या पदरात या सगळ्यातून काय पडतं, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

अर्धवेळ शिकणं ही इथे हौस नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि चुरणी, आणि कालव्याचं किंवा बोअरचं पाणी असेल तर पुन्हा उन्हाळी धान. या दिवसांत घरातला तरुण हात बांधीतून सुटत नाही. मजेची गोष्ट अशी, की फॅब्रिकेशनच्या दुकानाचं वर्षही धानाच्याच तालावर चालतं. रोवणीच्या आधी ट्रॅक्टरची केजव्हीलं येतात. चिखलणीत त्यांच्या पट्ट्या वाकलेल्या असतात, टाके सुटलेले असतात. कापणीच्या तोंडावर थ्रेशर आणि ट्रॉल्या येतात. नंतर तुमसर, मोहाडी, भंडाऱ्याच्या राइस मिलांचं काम निघतं, म्हणजे एलिव्हेटरच्या बादल्या, हॉपरचे झिजलेले पत्रे, चाळण्यांच्या चौकटी. मग उन्हाळ्यात घरबांधणी, आणि तिच्यासोबत ग्रिल, गेट, शटर, जिना, टिनाचं शेड. दुकानदाराला जादा हात हवा असतो आणि पोराला मधले मोकळे महिने हवे असतात. यातून एक व्यवस्था आपोआप तयार झाली. तिला नाव नाही, नोंद नाही, पण जिल्ह्यातले कितीतरी वेल्डर तिनेच घडवले आहेत.

धातू जोडण्याची विद्या या मातीला नवी नाही. भंडारा शहराची ओळखच पितळेच्या भांड्यांची. तांबट-कासारांच्या घरांत टाकणखार घालून डाक लावण्याचं काम पिढ्यान् पिढ्या चाललं. ते बापाकडून पोराकडे जायचं, घराबाहेर फारसं जायचं नाही. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम आल्यावर त्या धंद्याला ओहोटी लागली. दरम्यान जिल्ह्यात दुसऱ्या प्रकारचं लोखंड आलं होतं. साठच्या दशकात जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, १९८२ मध्ये गडेगावचा अशोक लेलँडचा गिअरबॉक्सचा कारखाना, पुढे वरठीचा सनफ्लॅग पोलाद कारखाना. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी तर त्याहून कितीतरी जुन्या. या सगळ्यांना फिटर, वेल्डर लागत होते आणि ते कोणत्याही घरातले चालत होते. जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात या गोष्टीला मी बरंच महत्त्व देतो. लोखंडाचं काम शिकायला लोहाराच्या पोटी जन्मावं लागत नाही, हे वेल्डिंगच्या दुकानाने बऱ्याच आधी मान्य केलं.

आता त्या दुकानात शिकतात काय, ते पाहू. बाहेरच्या माणसाला वाटतं की वेल्डिंग म्हणजे ठिणग्या उडवणं. नव्या पोराला ठिणगी उडवायला मिळायला कित्येक आठवडे जातात. आधी झाडलोट, मग वायर ब्रशने गंज काढणं, मग अँगल धरून उभं राहणं, मग ग्राइंडर. ग्राइंडर हातात आला की पहिली बढती झाली. त्यानंतर टाके मारणं, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवण्यापुरता ठिपका देणं. सलग शिवण मारायला मिळते ती सगळ्यात शेवटी, कारण रॉडला पैसे लागतात आणि बिघडलेली शिवण घासून काढायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून या विद्येत वर्षं मोजण्यात फारसा अर्थ नाही. किती रॉड स्वतःच्या हाताने जाळले, हेच खरं माप. दोन वर्षं दुकानात राहूनही रॉड धरायचा होल्डर क्वचितच हाती आला, असे पोट्टे गावोगाव सापडतात.

हाताचं काम सांगायला सोपं, करायला अवघड. दुकानात ज्याला ‘दहा नंबर’ म्हणतात तो ३.१५ मिलिमीटरचा रॉड साधारण ९० ते १३० अँपियरवर चालतो. करंट कमी पडला तर रॉड चिकटतो, जास्त झाला तर पातळ चौकोनी पाइपला भोक पडतं. रॉडचं टोक आणि लोखंड यांतलं अंतर रॉडच्या जाडीएवढं ठेवायचं, आणि रॉड जळून आखूड होत असताना हात त्याच गतीने खाली न्यायचा. काळ्या काचेतून फक्त वितळलेला ठिपका दिसतो. त्याच्या मागे स्लॅग गोठत येतो आणि त्यावरून शिवण बरी चालली की नाही हे कळतं. हे डोळ्याने आणि मनगटाने शिकायचं असतं. आधी सपाट, मग उभी, मग डोक्यावरची शिवण. गावातल्या दुकानात जवळजवळ सगळं काम सपाट किंवा आडवं करून घेतात. त्यामुळे दुकानात शिकलेला पोरगा नागपूरला किंवा पुण्याला चाचणीला गेला, की उभ्या शिवणीवर अडतो. तिथे मात्र आयटीआयचा पोरगा त्याच्या पुढे असतो.

पण फॅब्रिकेशन हे वेल्डिंगच्या पलीकडचं शास्त्र आहे, आणि तिथे दुकानातल्या मिस्त्रीला तोड नाही. गेटची चौकट चारही कोपऱ्यांत गुण्यात आहे का, हे पाहायला नुसता गुण्या लावून भागत नाही. दोन्ही कर्ण मोजून सारखे आले पाहिजेत. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलं तर गरम लोखंड गार होताना ओढतं आणि चौकट पतंगासारखी तिरपी होते. म्हणून आधी सगळीकडे टाके, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडं थोडं काम. अर्धी विद्या या क्रमातच आहे. उरलेली अर्धी हिशेबात. फॅब्रिकेशनचं काम किलोवर ठरतं, म्हणून वजन तोंडपाठ लागतं. गोल सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करून १६२ ने भागला की मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा एमएमचा बार म्हणजे १४४ भागिले १६२, मीटरला साधारण ८८९ ग्रॅम. एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो. सहा मीटरच्या पाइपातून तुकडे असे काढायचे की भंगार कमी पडावं, हेही गणितच. दहावीच्या गणितात नापास झालेला पोरगा हे वहीशिवाय करताना दिसतो, तेव्हा त्या दहावीच्या गणिताबद्दलच शंका येते.

आयटीआयची बाजू अशी. वेल्डर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, प्रवेशाला आठवी पास पुरते. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाप्रमाणे वर्षाला १२०० तास, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. शिवाय १५० तास प्रत्यक्ष उद्योगात. गॅस वेल्डिंग, साधं आर्क, सीओटू, टिग, गॅस कटिंग, प्लाझ्मा, ब्रेझिंग सगळं यात येतं. तालुक्याच्या दुकानात टिग मशीन पाहायला मिळणं कठीण, त्यामुळे ही ओळखही मोलाची. फिटरला दोन वर्षं लागतात. अडचण आहे ती उपस्थितीची. ऐंशी टक्के हजेरी लागते आणि संस्था रोवणीसाठी बंद राहत नाही. ड्युएल सिस्टिम नावाची पद्धत २०१६ च्या सुमारास आली. तिच्यात एक वर्षाच्या अभ्यासक्रमातले तीन ते सहा महिने कारखान्यात काढता येतात. कल्पना उत्तम, पण जोडीला तेवढा मोठा कारखाना लागतो. जिल्ह्यात असे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मग शिकाऊ उमेदवारी. १९६१ चा कायदा मुळात मोठ्या कारखान्यांसाठी लिहिला गेला आणि त्याचा तो स्वभाव अजून गेलेला नाही. २०१४ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. मालकाला तुरुंगात टाकण्याची तरतूद निघाली. कमी उमेदवार घेतले तर दरडोई दरमहा पहिले तीन महिने ५०० आणि नंतर १००० रुपये दंड, एवढंच उरलं. २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. तिच्यात विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार रुपये, केंद्र सरकार देतं, आणि २०२३ पासून ते थेट उमेदवाराच्या खात्यात जातात. २०१९ मध्ये विद्यावेतन असं ठरलं: पाचवी ते नववी शिकलेल्याला किमान ५०००, दहावी पासला ६०००, बारावी पास किंवा आयटीआयवाल्याला ७०००. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ही रक्कम ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. उमेदवाराला कायदा कामगार मानत नाही. पण कारखाने कायद्यातली आरोग्य आणि सुरक्षेची कलमं त्याला लागू आहेत, आणि कामावर इजा झाली तर भरपाईही आहे. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा आहे. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला उमेदवार घेणं सक्तीचं, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते २९ माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. चारपेक्षा कमी असतील, तर पात्रताच नाही. आता लाखनी, पवनी, लाखांदूर, साकोलीच्या रस्त्यावरचं कोणतंही नेहमीचं फॅब्रिकेशनचं दुकान डोळ्यांपुढे आणा. मालक हाच मिस्त्री, त्याचा एक जुना जोडीदार, आणि एक पोरगा. झाली तीन माणसं. ज्या जागी हे काम खरोखर शिकलं जातं, तिथला शिकाऊ पोरगा कायद्याच्या लेखी शिकाऊ उमेदवार होऊच शकत नाही. त्याला विद्यावेतन नाही, तासांचं बंधन नाही, भाजलं तर विमा नाही. शिकून झाल्यावर ‘याला काम येतं’ असं सांगणारा कागदही नाही. मालकाला लुच्चा ठरवून हा प्रश्न सुटत नाही. तो बहुतेक वेळा स्वतःही असाच शिकलेला असतो, आणि सणाला, गरजेला पोराला पैसे देतो. पण तो ते आपल्या मर्जीने देतो, आणि मर्जीवर भविष्य बांधता येत नाही.

मोठ्या ठिकाणांचं वेगळं. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आणि मोतीबाग वर्कशॉप दरवर्षी दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर उमेदवार घेतात, त्यात वेल्डरही असतात. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून ये-जा करणारे पुष्कळ. जवाहरनगरचा कारखाना २०२१ मध्ये म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. तिथे रसायनाच्या कामाला अधिक वाव. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटानंतर पोराला तिथे पाठवताना आईबाप दोनदा विचार करत असतील, तर नवल नाही. या सगळ्या ठिकाणची उमेदवारी पूर्णवेळ आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, धान कोण कापणार ते घरच्यांनी ठरवायचं.

या आढाव्यात मुंडीपारचा उल्लेख टाळता येत नाही. साकोली-लाखनी पट्ट्यातल्या या गावी ‘भेल’चा वीज उपकरणांच्या फॅब्रिकेशनचा कारखाना येणार म्हणून २०१३ मध्ये भूमिपूजन झालं. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. उत्पादन सुरू झालंच नाही. असा कारखाना उभा राहिला असता तर शिकाऊ उमेदवारांच्या कितीतरी जागा या एका ठिकाणी निघाल्या असत्या, आणि आसपासच्या लहान दुकानांना उपकंत्राटं मिळून तीन माणसांची दहा झाली असती. पोराला शिकवायचं कुठे, या प्रश्नाचं उत्तर उद्योग कुठे आहे यावरच अवलंबून असतं. कौशल्य विभागाने कितीही केंद्रं उघडली तरी.

आणि केंद्रं उघडली आहेत खरी. १९ ऑक्टोबर २०२३ ला राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. आयटीआयवाल्याला दरमहा ८००० रुपये, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. मात्र शिक्षण चालू असणाऱ्याला ती लागू नाही, म्हणजे अर्धवेळ शिकणारा पुन्हा बाहेरच. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. लोहार आहे, कुलूपवाला आहे, हातोडा-अवजारं करणारा आहे, पण वेल्डर नाही. पितळेच्या भांड्यांनी नाव कमावलेल्या जिल्ह्यात सांगावंसं वाटतं, की तांबटही नाही. या गर्दीत माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट शेवटी आली. ८ ऑक्टोबर २०२५ ला ४०० शासकीय आयटीआय आणि १५० शासकीय तांत्रिक विद्यालयांत अल्प मुदतीच्या रोजगारक्षम अभ्यासक्रमांचा कार्यक्रम सुरू झाला. २५०० तुकड्या, त्यांतल्या ३६४ फक्त महिलांच्या. त्या महिलांच्या तुकड्यांतून वेल्डिंगला किती मुली वळतात याची मला खास उत्सुकता आहे, कारण तालुक्याच्या फॅब्रिकेशन दुकानात मुलगी शिकताना जवळजवळ दिसतच नाही. सरकारी यंत्रं आणि सरकारी निदेशक संध्याकाळी किंवा सुट्टीत वापरायचे, हे आधीच व्हायला हवं होतं. तुकडीच्या तारखा मात्र मुंबईत न ठरता तालुक्यात ठरल्या पाहिजेत. जुलैत साकोलीत तुकडी काढली तर हजेरीपटावर नावं राहतील आणि माणसं बांधीत.

दुकानात शिकलेल्याला मागून प्रमाणपत्र देण्याची सोयही आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली पूर्वज्ञानाला मान्यता मिळते. पण थोड्या दिवसांची ओळख आणि एक चाचणी यांतून मिळालेल्या कागदाला कारखानदार फारशी किंमत देत नाहीत. त्यांना हवी असते ती हाताची परीक्षा: प्लेट वेल्ड करून दे, आम्ही ती वाकवून पाहतो. आयएस ७३१० या भारतीय मानकात वेल्डरच्या अशा चाचण्या लिहिलेल्या आहेत. बॉयलरचं तर फार कडक. इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सप्रमाणे ज्याने बाष्पके विभागाची परीक्षा दिली आहे त्यानेच बॉयलरला हात लावायचा, आणि ते प्रमाणपत्रही दोन वर्षांनी नवं करून घ्यायचं. उकडा तांदूळ काढणाऱ्या मिलांत बॉयलर आहेत, साखर कारखान्यात आहेत. म्हणजे काम दारात आहे आणि ते करणारा माणूस बाहेरून बोलवावा लागतो. दुकानातल्या चांगल्या हाताला त्या परीक्षेपर्यंत नेणारी अर्धवेळ वाट जिल्ह्यात असती, तर तिचा खर्च त्या मिलांनीच आनंदाने उचलला असता.

सुरक्षेबद्दल थोडं कठोर बोलणं भाग आहे. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर सहा ते बारा तासांनी डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं. पोट्टे बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतात आणि सकाळी पुन्हा तीच फुटकी काच वापरतात. गॅल्व्हनाइज्ड पाइप जाळला की जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. त्यावर दूध पिण्याचा उपाय सांगतात, त्याचा उपयोग नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. त्या धुरात मँगनीजही असतं. रॉडच्या लेपात फेरोमँगनीज घालतात. ज्या जिल्ह्याने देशाला मँगनीज दिलं त्याच्याच पोरांच्या छातीत ते धूर होऊन परत यावं, यावर अजून कोणी बोलत नाही. उपाय महाग नाहीत. काम उघड्यावर करणं, वाऱ्याच्या बाजूला उभं राहणं, जस्ताचा थर आधी घासून काढणं, अकरा नंबरची धड काच. शिकाऊ उमेदवारीचं कागदपत्र असतं तर निदान या गोष्टी कोणाच्या तरी जबाबदारीवर आल्या असत्या.

जर्मनीचं उदाहरण अशा वेळी हटकून दिलं जातं. तिथे धातुकामाची उमेदवारी साडेतीन वर्षांची. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत, बाकीचे दुकानात. १९६९ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय चौकट दिली. पण त्या पद्धतीतलं घेण्यासारखं मर्म वेगळंच आहे. तिथे लहान दुकान हीच शिकवण्याची मूळ जागा मानली जाते आणि शाळा तिच्या भोवती फिरते. आपल्याकडे शाळा मधोमध आणि दुकान अंगणाबाहेर.

तरी आपल्या कायद्यात एक दार उघडं आहे. कलम ८ प्रमाणे अनेक मालक एकत्र येऊन, स्वतः किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, उमेदवारांना प्रशिक्षण देऊ शकतात. तुमसरमधली पाच-सहा फॅब्रिकेशन दुकानं आणि दोन राइस मिला यांनी मिळून असा गट केला, तर चार माणसांची अट बहुधा अडवणार नाही. पोरगा रोवणीआधी केजव्हील करणाऱ्या दुकानात, हंगामात मिलच्या देखभालीवर, उन्हाळ्यात गेट-शेडच्या कामावर फिरेल, आणि आठवड्यातला एक दिवस आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये उभी नि डोक्यावरची शिवण मारेल. तो दिवस कायद्याला नवा नाही. संबंधित सूचना या नावाने त्याची तरतूद आहेच. अडेल ते कागदपत्रावर. पोर्टलवर नोंदणी, करार, मासिक हजेरी. मिस्त्री हे करणार नाही, त्याने करूही नये. ते काम तालुक्याच्या आयटीआयने किंवा राइस मिल असोसिएशनच्या एखाद्या कारकुनाने करायचं, आणि त्याच्या पगाराची सोय आधी करायची. अशा गटाला पहिल्या वर्षी दहा पोरं मिळाली तरी पुरे. रोवणीसाठी तीन आठवडे सुट्टी करारातच लिहावी लागेल.